पिशवीवर ‘रोगप्रतिकारक’, मग तूर उबळली कशी?

मागच्या अंकात तुरीच्या वाणांवर चार ओळी काय लिहिल्या, तर महिनाभर फोन आणि चिठ्ठ्या थांबायचं नाव नाही. पाऊस जास्त झाला की सगळ्यांना रोगाची आठवण येते, त्यात चूक काही नाही, मलाही तेव्हाच येते. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून एका धाग्यातले पाच-सहा प्रश्न घेतो.

प्रश्न : काका नमस्कार, सेलूहून लिहितोय. औंदा दोन एकर तूर केली. दुकानदारानं रोगप्रतिकारक म्हणून पिशवी दिली, पिशवीवर पण तसंच छापलंय. पोळ्याला कमरेइतकी तूर होती, हिरवीगार. मग झडीनंतर खालच्या अंगाला झाडं सुकायला लागली आन बघता बघता पाव हिस्सा वावर उबळलं. दुकानदार म्हणतो तुमच्या जमिनीत दोष आहे. मला फसवलं का? फोटो पाठवलाय.

भाऊ, फोटो मोठा करून तीनदा बघितला. तुमच्या झाडाच्या खोडावर, जमिनीपासून वीतभर वर, काळपट तपकिरी आणि आत दबलेला चट्टा आहे, आणि डावीकडचं झाड बरोबर त्या चट्ट्यावरच मोडलंय. ही मर नाही. हा फायटोप्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवाचा खोडकरपा दिसतोय, तो पाणी साचलेल्या जागी येतो, आणि तुम्हीच लिहिलंय की खालच्या अंगाला, झडीनंतर.

आपल्याकडं तूर सुकली की सगळ्याला एकच शब्द, उबळली. पण खरी मर बहुतेक वेळा फुला-शेंगेच्या वेळी जोर धरते, झाडाच्या एका अंगानं बुडापासून वर जांभळट पट्टा चढतो, आणि खोड उभं चिरलं की आत काळी रेघ दिसते, पेन्सिलीतल्या शिशासारखी. ती बुरशी, फ्युजेरियम उडम नाव तिचं, मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते, म्हणून खाली ओल असूनही झाड तहानेनं मरतं. उद्या रानात गेलात की पाच-सहा सुकलेली झाडं उपटा, खिशातल्या चाकूनं खोड चिरा आणि बघा. आत रेघ नसेल, बाहेर चट्टा असेल, तर दोष वाणाचा नाही, पाण्याचा आहे. पुढच्या वर्षी त्या खालच्या अंगाला रुंद वरंब्यावर पेरा, चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या, आणि तरीही तिथं पाणी थांबतच असेल तर तेवढ्या तुकड्यात तूर घेऊच नका.

आता फसवलं का, तर अर्धं म्हणेन. पिशवीवर नुसतं ‘रोगप्रतिकारक’ छापणं म्हणजे पाहुण्यानं ‘मी नोकरीला आहे’ एवढंच सांगण्यासारखं आहे, कुठं ते विचारल्याशिवाय मुलगी द्यायची का? कोणत्या रोगाला प्रतिकारक, हे विचारायचं. तुमच्यापासून फार लांब नाही ते बदनापूर, तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेले बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११ हे वाण मर आणि वांझ (झाड वाढतं पण फुलं लागत नाहीत) या दोन रोगांना दाद न देणारे म्हणून निवडलेत. बीएसएमआर मधली अक्षरं बघा, बी म्हणजे बदनापूर आणि एसएम म्हणजे वांझ रोगाच्या इंग्रजी नावाची, स्टरिलिटी मोझॅकची, आद्याक्षरं, शेवटचं आर म्हणजे प्रतिकारक. नावातच लिहिलंय कुणाशी भांडण आहे ते. खोडकरप्याचं नाव त्यात नाही. शास्त्रज्ञानं जे वचन दिलंच नाही ते दुकानात पोचेपर्यंत ‘सगळ्या रोगांना चालते’ असं होऊन जातं, आणि मग रानात उभं राहून शिव्या मात्र विद्यापीठाला पडतात.

प्रश्न : सर, मी लातूरला बीएस्सी कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला रोगप्रतिकारक वाणांवर काम करायचंय. घरचे म्हणतात लॅबमध्ये बसून काचेच्या नळ्या हलवायच्या, त्यात काय. खरंच हे काम लॅबमध्येच होतं का?

ताई, घरच्यांना एकदा ‘सिक प्लॉट’ दाखवून आण. आपण मराठीत रोगट वाफा म्हणू, पण तिथं काम करणारे सगळे सिक प्लॉटच म्हणतात.

जगात सगळे शेतकरी रोग जाऊ दे म्हणून नवस करतात आणि हा एक तुकडा असा असतो जिथं माणसं पगार घेऊन रोग वाढवतात. मेलेल्या तुरीची धसकटं गोळा करायची, बारीक करून त्याच मातीत मिसळायची, वर्षानुवर्षं तिथं तूरच घ्यायची, फेरपालट नाही, आणि दर काही ओळींनंतर एक ओळ अशा वाणाची लावायची जो हमखास मरतो. हरभऱ्यात त्या कामाला जेजी ६२ वापरतात. मी पहिल्यांदा असा प्लॉट बघितला तेव्हा पाटणचेरूला, हैदराबादच्या अलीकडं, इक्रिसॅटमध्ये गेलो होतो, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी, १९७२ साली सुरू झालेली ती आंतरराष्ट्रीय संस्था, आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ पण त्याच वर्षीचं. आम्ही पोरं मेलेल्या ओळी बघून हळहळायला लागलो तर तिथला मजूर हसायला लागला, म्हणाला ही ओळ मेली नाही तर साहेब रागावतात. नंतर डोक्यात प्रकाश पडला. जेजी ६२ ची ओळ सगळी मेली तरच बाजूच्या जिवंत ओळीला काही अर्थ. ती जगली तर मातीत त्या जागी रोगच नव्हता, मग शेजारच्यानं काय तीर मारला.

आणि वांझ रोगाचं तर अजून भारी आहे. हा रोग विषाणूचा, पण तो पसरवते एक कोळी कीड, इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाही, वाऱ्यावर उडत येते. झाड मरत नाही, उलट झुडपासारखं दाट होतं, पानं बारकी आणि फिकट ठिपक्याठिपक्यांची, फक्त फुलं लागत नाहीत. आता न दिसणारी कोळी हजारो रोपांवर एकेक करून सोडायची कशी? तर इक्रिसॅटचे रोगशास्त्रज्ञ य. ल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे स्टेपलर. हो, ऑफिसातला. रोगट झाडाचं पान घ्यायचं, कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांना टाचायचं, खटक. पान वाळायला लागलं की कोळ्या आपोआप हिरव्या पानावर चालत जातात आणि सोबत विषाणू घेऊन जातात. सत्तरच्या दशकातली ही युक्ती. दिवसभर वाकून रोपांना स्टेपल मारत फिरणं, कंबर मोडते, पण हजार वाणांतून जे चार स्वच्छ राहतात ते खरे राहतात, नशिबानं वाचलेले नाहीत.

काचेच्या नळ्या पण आहेत, नाही कशाला म्हणू. पाटणचेरूच्याच आशा या तुरीच्या वाणाच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा २०११-१२ मध्ये वाचून झाला, त्यामुळे आता रोपाचं पान चिमूटभर घेऊन सांगता येतं की प्रतिकाराचा अमुक तुकडा यात आलाय का, दरवेळी झाड मरायची वाट बघावी लागत नाही. पण शेवटी शिक्का मारतो तो सिक प्लॉटच. आणि एका ठिकाणचा नाही. बेंगळुरूकडं वांझ रोगाच्या विषाणूचा जो प्रकार आहे तो पाटणचेरूच्या प्रकारापेक्षा जहाल, त्यामुळे इकडं पास झालेली तूर तिकडं नापास होऊ शकते. म्हणून एकच वाण चार राज्यांत चार-चार वर्षं लावून बघतात आणि तोवर पोराचं लग्न होऊन जातं. घरच्यांना सांग, नोकरी नळ्यांची नाही, उन्हाची आहे. टोपी घे.

प्रश्न : बीटी कापूस रोगप्रतिकारक असतो ना? मग माझी पऱ्हाटी लाल का पडली? (गेवराई)

नाही दादा. बीटी म्हणजे बोंडअळीसाठी टाकलेला जनुक, अळी हा कीटक आहे, रोग नाही. बुरशी, जिवाणू, विषाणू यांचं बीटीला काही देणंघेणं नाही. आणि पानं लाल पडणं हा बहुतेक वेळा रोगही नसतो, बोंडं भरताना अन्न कमी पडतं, मॅग्नेशियम कमी पडतं, रात्री थंडी पडते, त्यातलं काहीतरी. माती तपासा आधी, फवारणी नंतर.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वसमत. आमच्याकडं पूर्वी परभणी क्रांती भेंडी लावायचो, केवडा म्हणजे काय माहीत नव्हतं. आता त्याच नावाचं बी लावलं तर शिरा पिवळ्या पडतात. बी बिघडलं का विद्यापीठानं लक्ष सोडलं?

गुरुजी, तुमच्या प्रश्नावर मी एक अख्खा अंक लिहीन, पण संपादक कात्री घेऊन बसलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भेंडीचा केवडा, कुणी हळद्या म्हणतं, हा विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात, हिरव्या पानावर पिवळी जाळी विणल्यासारखी, मग सगळं पान आणि शेवटी भेंडीच पिवळट आणि निबर, बाजारात कुणी हात लावत नाही. त्या काळी दिल्लीची पुसा सावनी सगळीकडं होती आणि ती सुद्धा आली तेव्हा केवड्याला टिकते म्हणूनच आली होती. मग ती पण झोपली.

तेव्हा आपल्या परभणीला ना. दे. जांभळे आणि य. स. नेरकर या दोघांनी भेंडीच्या जंगली नातेवाइकांकडं मोर्चा वळवला. रानटी जातींमध्ये अबेलमॉस्कस मॅनिहॉट नावाची एक आहे, तिला केवडा होत नाही. तिची शेंग भाजीच्या कामाची नाही. त्यांनी तिचा पुसा सावनीशी संकर केला. ऐकायला सोपं वाटतं, पण जाती वेगळ्या, संकराच्या झाडांना बी धरायचीच मारामार, आणि जे धरतं त्यात जंगलीपणाही येतो. म्हणून ते झाड परत पुसा सावनीशी, त्यातलं निरोगी निवडून परत पुसा सावनीशी, असं करत करत, पिढ्यान्‌पिढ्या निवडत, भेंडी भेंडीसारखी झाली आणि प्रतिकार मात्र जंगली राहिला. १९८६ मध्ये त्यांनी हा वाण छापून जगापुढं मांडला, नाव परभणी क्रांती. मला त्या वर्षांत आमच्या वडिलांचा चेहरा आठवतो, मंडईतून आले आणि पिशवीतली भेंडी काढून आईला दाखवायला लागले, जशी काही त्यांनीच शोधलीय. महाराष्ट्राबाहेर सुद्धा परभणी हे नाव कित्येकांना रेल्वे जंक्शनमुळं नाही तर भेंडीमुळं माहीत झालं.

आता तुमचा प्रश्न. बी बिघडलेलं असू शकतं, नावावर काहीही विकतात, पण खरं बी असलं तरी केवडा येतो, आणि यात विद्यापीठानं लक्ष सोडलं असं म्हणणं मला पटत नाही. याच दोघांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं की रानटी भेंडीतला हा प्रतिकार एका प्रभावी जनुकावर चालतो. एकच जनुक असला की निवड सोपी, म्हणून तर वाण निघाला. पण एकच खिळा म्हणजे समोरच्याला पण एकच खिळा उपटायचा असतो. गावोगाव तीच भेंडी, बाराही महिने पांढरी माशी, आणि विषाणू तर असा की दोन प्रकार एका झाडात भेटले की आपसात तुकडे बदलून तिसरा तयार करतात. भेंडी होती तिथंच आहे गुरुजी, विषाणू पुढं गेला.

गव्हात हेच झालं. तांबेऱ्याला अडवणारा एसआर ३१ नावाचा जनुक जगभरच्या गव्हात बसवलेला होता, सगळे निवांत, आणि १९९८ मध्ये युगांडात असा तांबेरा सापडला जो त्या जनुकाला जुमानेना, युजी ९९ म्हणतात त्याला. तेव्हापासून शास्त्रज्ञ एका झाडात दोन-तीन वेगवेगळे जनुक एकत्र बसवायच्या मागं लागलेत, म्हणजे शत्रूला एकाच वेळी सगळी कुलपं तोडावी लागतील.

तुमच्या परसातल्या चार ओळींसाठी मात्र एवढं करा, पहिलं पिवळं झाड दिसलं की दया न दाखवता उपटून पुरा, आणि पिवळे चिकट सापळे लावा. उन्हाळी भेंडीला त्रास जास्त होतो कारण माशी जास्त असते, पावसाळी लावून बघा.

प्रश्न : मी अंबाजोगाईला विज्ञान शिकवते. मुलांनी विचारलं, माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, झाडाला रक्तच नाही, मग त्याला रोग आलेला कळतो कसा? मला नीट सांगता आलं नाही.

ताई, तुमच्या मुलांना सांगा की याचं उत्तर जवसात सापडलं. आपल्या चटणीतला जवस, तोच.

अमेरिकेत नॉर्थ डकोटात हॅरॉल्ड फ्लोर म्हणून एक गृहस्थ होते, ते जवसाच्या तांबेऱ्यावर काम करायचे. इतर लोक फक्त झाडांचे संकर करून बघायचे, यांनी तांबेऱ्याच्या बुरशीचे पण संकर केले, म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजूंचं कूळ तपासलं. १९४० च्या दशकात त्यांनी मांडलं की जवसात प्रतिकाराचा जो जो जनुक आहे त्याच्या जोडीचा एकेक जनुक बुरशीत पण आहे, आणि दोघं समोरासमोर आले तरच रोग थांबतो. एकाला एक.

मुलांना असं सांगा. गावात ओसरीवर म्हातारा बसलेला असतो बघा, त्याला सगळं गाव ओळखता येत नाही, पण एका चोराची लाल टोपी त्याला पक्की माहीत आहे. ती दिसली की तो खाकरतो आणि घर जागं होतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत असे म्हातारे बसलेत, एकेकाला एकेक टोपी पाठ. फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत, प्रत्येक घराचा आपला पहारा. आणि चोर आलाय कळलं की ती पेशी काय करते, तर स्वतःच मरते, आजूबाजूच्या दोन-चार पेशींसकट. कडब्याची गंजी पेटली की आपण शेजारचा कडबा ओढून बाजूला टाकतो ना, तसं. तांबेऱ्याच्या बुरशीला जिवंत पेशीच लागते, मेलेल्यात ती उपाशी मरते. म्हणून प्रतिकारक झाडावर पण कधी कधी बारीक करडे ठिपके दिसतात, तो रोग नसतो, तिथं पहारा झालेला असतो.

एक हुशार पोरगं नक्की विचारेल, चोरानं टोपी काढून ठेवली तर? तेच. बुरशीत तो जनुक बदलला की म्हातारा नुसता बघत राहतो. पण हे सगळ्या रोगांना लागू नाही हे पण सांगा, नाहीतर दहावीला चुकेल. रब्बी ज्वारीचा खडखड्या घ्या, ती बुरशी बरोबर उलटी, झाड दाणे भरताना पाण्याला तरसलं, कमजोर झालं की घुसते आणि खोड पोकळ करून ताट लोळवते. तिथं टोपी ओळखणारा म्हातारा कामाचा नाही, तिथं शेवटपर्यंत ताट हिरवं ठेवणारा वाण लागतो, म्हणजे रोगाचा प्रश्न खरं तर ओलीचा प्रश्न होऊन बसतो. आपल्या मराठवाड्यात तर जास्तच.

प्रश्न : आमच्याकडं बदनापूरची तूर तीन वर्षं झाली, घरचंच बी ठेवतो. आता मर दिसायला लागली. बी बदलावं का? आणि हरभऱ्याचं पण तसंच करावं का? (अंबड)

तुरीचं बदला. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या वावरातला पराग आणतात, शंभरातली वीसेक फुलं, कधी जास्तही, अशी परक्या परागानं भरू शकतात. शेजाऱ्याची तूर मरणारी असेल तर तुमच्या घरच्या बियात तिचं रक्त आलं, तीन वर्षांत चांगलंच आलं. बी ठेवायचंच असेल तर वावराच्या मधोमधल्या निरोगी झाडांचं ठेवा, बांधाकडच्या ओळींचं नको. आणि बांधावर, गोठ्यामागं मागच्या वर्षीची उभी राहिलेली तुरीची झाडं असतील तर ती तोडा, वांझ रोगाची कोळी उन्हाळाभर तिथंच मुक्काम करते.

हरभऱ्याचं वेगळं. त्याचं फूल उघडायच्या आधीच आतल्या आत काम उरकतं, त्यामुळं विजय, दिग्विजय, आकाश जे काही असेल त्याचं घरचं बी दोन-तीन वर्षं बिनधास्त चालतं, भेसळ होऊ दिली नाही तर. तिथं बियापेक्षा वावराकडं बघा. हरभऱ्याच्या मरीची बुरशी हरभरा नसताना पण मातीत सहा वर्षं राहू शकते, म्हणजे एक वर्ष गहू घेऊन तिला फसवलं असं होत नाही.

आमच्या आजीच्या वेळी तूर कधी सलग पेरलीच नाही, ज्वारीच्या सहा-आठ ओळी आणि मग तुरीची एक. आम्ही शिकून आलो आणि म्हणालो आजी हे मागासलेलं आहे, सलग पेरा, कापणीला सोपं. पुढं पाटणचेरूला प्रयोग करून बघितलं तर ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी येते. आजी तोवर गेली होती. मी औंदा चार ओळी ज्वारी आणि एक तूर असं केलंय, बीज बदनापूरचंच, पेरताना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, लावून. संक्रांतीपर्यंत काय होतंय ते कळेल, मेली तर तसंही कळवतो.